पांढऱ्या टेपखालची तार

क्लबच्या सचिवांनी मला फसवलं. तुटायला आलेल्या तारेवर त्यांनी नवी पांढरी टेप गुंडाळली आणि ती होडी तपासलेली आहे असं सांगून माझ्या ताब्यात दिली. भर पाण्यात डोलकाठी कोसळली आणि माझ्या भाचीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यानंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की बांधणी माझी चुकली. झालं ते एवढंच. पुढे लिहिते आहे ते हे कसं घडलं ते नीट कळावं म्हणून.

बिबवेवाडीत माझं दुकान आहे. बंद पडलेल्या हॉटेलांचं, कॅफेंचं, कंपन्यांच्या कँटीनचं सामान मी घेते आणि नव्याने हॉटेल काढणाऱ्यांना विकते. पुण्यात हा धंदा बसत नाही. कोणीतरी सतत नोकरी सोडून कॅफे काढत असतो आणि कोणीतरी कॅफे बंद करून पुन्हा नोकरी शोधत असतो. दोघांनाही मी लागते. हिंजवडीत एखाद्या कंपनीने ऑफिस हलवलं की तिथलं अख्खं कँटीन माझ्या टेम्पोत येतं. माझी आई कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. तो कारखाना बंद पडला तेव्हा त्याच कँटीनची टेबलं आणि शेगड्या लिलावात उचलून मी सुरुवात केली. मला कोणी हाताला धरून शिकवलं नाही. जे शिकले ते फसून शिकले, आणि एकदा फसले त्या जागी दुसऱ्यांदा फसले नाही.

या धंद्यात मी सगळ्यात आधी शिकले ती गोष्ट टेपची. जुन्या डीप फ्रीझरच्या नळीवर नवी कोरी टेप दिसली की ती आधी सोलायची. टेप कोणी हौसेने गुंडाळत नाही. खाली गळती असते. विकणारा म्हणतो, अहो बाई, कालच सर्व्हिसिंग केलंय. कालच का केलं? तर आज मी येणार होते म्हणून. मी नखाने टेपचं टोक उचलते, समोरच्याचा चेहरा बघते, आणि भाव तिथेच खाली येतो. यावरून माझी भांडणंही बरीच झाली आहेत. माझा आवाज चढतो, हे मान्य. पण आवाज चढवून मी खोटा माल विकलेला नाही.

क्लबशी माझा संबंध आला तोही फ्रीझरमुळेच. शहराबाहेर धरणाच्या पाण्यावर शिडाच्या होड्यांचा हा क्लब आहे. त्यांच्या किचनमधलं सामान काढायचं होतं, म्हणून मला निरोप आला. व्यवहाराला सचिव स्वतः बसले. ते कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, राहायला शनिवार पेठेत. बोलणं मोजून मापून, आवाज कधी वर नाही. मी माझा आकडा सांगितला, त्यांनी त्यांचा सांगितला, आणि दोघंही हलेनात. त्यांच्या मागे उतारावर दोन माणसं एका होडीत डोलकाठी उभी करत होती. एकाने ती खांद्यावर घेऊन सरळ केली, दुसऱ्याने पुढे धावत जाऊन तार अडकवली, आणि आडवं पडलेलं ते लांबलचक धूड क्षणात ताठ उभं राहिलं. माझं भावावरचं लक्ष उडालं. असं माझं होत नाही.

मी विचारलं, हे शिकायचं असेल तर काय करावं लागतं? त्याचा कोर्स असतो, ते म्हणाले.

"मग भाव तुमचा राहू द्या. मला कोर्सच्या दोन जागा द्या."

"तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही. तुम्हाला फ्रीझर उचलता येतो का? त्यासाठी मी माणसं आणलीत. तसं तुम्ही मला जॅकेट द्या."

"जॅकेट सगळ्यांनाच देतो, मॅडम. ते सवलतीत धरू नका."

जागा दोन्ही मिळाल्या. पोहायलाही मी त्याच उन्हाळ्यात शिकले, महापालिकेच्या तलावावर, सकाळच्या बायकांच्या बॅचला.

दुसरी जागा मी भाचीला दिली. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अर्धं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये जातंय आणि उरलेलं अर्धं स्क्रीनसमोर, असं ती म्हणायची. तिला पाणी हवं होतं, आणि ताईला पाण्याचं नावसुद्धा नको होतं. एवढी शिकलेली, एकुलती एक पोर धरणात कशाला घालायची, असं तिचं म्हणणं. बरेच दिवस दोघींचं वाजत राहिलं. शेवटी ताईने मला घरी बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि विचारलं, होडी बांधतं कोण? मी म्हटलं, ज्याची त्याने बांधायची असते, आमची मी बांधीन.

"तू बांधणार असशील तर जाऊ दे," ताई म्हणाली. "तुझी गाठ तुलाच सुटत नाही."

लहानपणी गच्चीवर कपड्यांचा दोर मीच बांधायचे. वादळात बाजूच्यांचे कपडे गल्लीभर उडायचे, आमचे जागच्या जागी असायचे. ताईने परवानगी दिली ती तेवढ्या भरवशावर. माझ्यावर कोणी असा विनाशर्त भरवसा टाकत नाही, कारण मी स्वतः कोणावर टाकत नाही. म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

शिडाची होडी चालवायला मी बऱ्यापैकी शिकले, पण खरं सांगायचं तर चालवण्यापेक्षा मला ती बांधायला जास्त आवडायला लागलं. भाचीचं उलट. ती पाण्यात उतरली की तिचा चेहरा उजळायचा. माझा जीव काठावरच रमायचा. डोलकाठी आधी घोडीवर आडवी ठेवायची. तिच्या पोटातून जाणारे दोर ओढून बघायचे, कुठे पीळ पडलाय का, कुठे अडतंय का. वरून तीन तारा लोंबत असतात. एक होडीच्या नाकाला जाते, दोन दोन्ही कडांना. काठी उभी करायला दोघं लागतात. एकाने धरून ठेवायचं, दुसऱ्याने पुढची तार अडकवायची, आणि तिची पिन आत गेल्याशिवाय धरणाऱ्याने हात सोडायचा नाही, मग नाकावर माशी बसो की समोरून कोणी हाक मारो. नंतर कडेच्या तारा. प्रत्येक पिनेच्या भोकात किल्लीच्या कडीसारखी बारीक रिंग घालायची. तिच्यापायी नखं मोडतात. तारा बोटाने छेडून बघायच्या. डाव्या-उजव्या तारेचा ताण हाताला सारखा लागला पाहिजे. मग खालची आडवी काठी, मग शिडं. शीड चढवताना होडीचं नाक वाऱ्याकडे हवं, नाहीतर होडी खालच्या चाकांच्या गाड्यावरूनच पळायला बघते. सुकाणू सगळ्यात शेवटी, पाण्याच्या कडेला.

या कामात घासाघीस नाही. पिन एक तर आत असते किंवा नसते. दिवसभर लोकांच्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्यातून खरं काढत बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईला त्यात किती सुख होतं, हे सांगून पटायचं नाही. हळूहळू इतर सभासदही मला बोलवायला लागले. जरा आमच्या तारा बघता का, तुमच्या हाताला बरं कळतं. हे सचिवांना फारसं रुचत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता क्लबची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. पिनेच्या रिंगा शिडाला लागून शीड फाटू नये म्हणून आम्ही त्यांच्यावर टेप गुंडाळतो. आमची टेप काळी. पांढरी टेप फक्त सचिवांची. प्रत्येक तारेचं खालचं टोक धातूच्या जाड तुकड्यात दाबून बसवलेलं असतं. तार तुटली तर बहुधा तिथेच तुटते. हंगामाच्या सुरुवातीला सचिव प्रत्येक होडीचा प्रत्येक जोड स्वतः बघायचे आणि त्यावर पांढरी टेप गुंडाळायचे. पांढरी टेप म्हणजे तपासलेलं. ती कोणी फोडायची नाही. फोडली तर ती होडी त्या दिवशी पाण्यात जाणार नाही, सचिव पुन्हा पहिल्यापासून सगळं बघणार, आणि तेही त्यांना सवड होईल तेव्हा. इतकी वर्षं कोणी फोडली नव्हती. तपासलेलं झाकून ठेवायचं आणि झाकलेलं उघडायचं नाही, ही रीत एवढ्या शिकलेल्या माणसांनी विनातक्रार पाळली. माझ्या बाजारात ती एक दिवस चालली नसती.

पाऊस संपून आकाश मोकळं झालं होतं. त्या रविवारी क्लबची शर्यत होती, पाहुणे आले होते, काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. वारा चांगला होता. आम्हाला क्लबचीच एक होडी मिळाली. मी नेहमीप्रमाणे बांधायला घेतली. डावीकडची तार हातात घेतली आणि थांबले. बाकीच्या दोन तारांवरची पांढरी टेप उन्हापावसाने पिवळट झाली होती, कडांना धूळ बसली होती. हिच्यावरची पांढरीशुभ्र. आणि बाकीच्यांपेक्षा जाड, वरपर्यंत गुंडाळलेली.

माझं नख आपोआप टेपच्या टोकाशी गेलं. मग पद्धत आठवली. मी सचिवांना हाक मारली. ते पाहुण्यांबरोबर चहा घेत उभे होते, ते पाहुण्यांसकट आले. मी विचारलं, ही एकच टेप नवी कशी? मला खालचं बघायचंय.

"अहो मॅडम, ही काय जुन्या बाजारातली कढई आहे ठोकून बघायला? मी स्वतः पाहिलंय."

पाहुणे हसले. दोन सभासद हसले. भाची कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना. ते म्हणतायत ना चेक केलंय."

मी टेप सोडली. का सोडली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुकानात समोर कोणीही असता तरी मी ती सोलली असती. इथे माणूस प्राध्यापक, मराठी शुद्ध, शर्टाला इस्त्री, आणि पन्नास माणसांचे डोळे माझ्याकडे. टेप फोडली तर भाचीची शर्यत गेली असती, जिच्यासाठी तिने सुट्टीचे बेत मोडले होते. आणि "मी स्वतः पाहिलंय" असं ते म्हणाले होते. माझ्या बाजारातही हे वाक्य उच्चारल्यावर माणूस बांधला जातो. माल खराब निघाला तर तो परत घेतो, निदान शिव्या तरी खाली मान घालून ऐकतो. मी त्यांच्या शब्दाला बाजारातल्या शब्दाएवढी किंमत दिली. माझी चूक म्हणायची तर एवढीच.

पिना घातल्या, रिंगा घातल्या, काळी टेप लावली, आणि आम्ही निघालो.

जाताना वारा उजवीकडून होता, म्हणून डावी तार निवांत होती. होडी सुरेख चालली होती. पहिल्या खुणेच्या फुग्याला वळसा घातला आणि वारा डाव्या अंगाला आला. पुढच्या शिडाचा दोर अडकला होता, तो सोडवायला भाची उजवीकडे वाकली. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. फार मोठा नव्हता. खटकन आवाज झाला, वर शीड होतं तिथे एकदम आकाश दिसलं, आणि काठी, शीड, दोर, सगळं उजवीकडे कोसळलं. खालची आडवी काठी भाचीच्या खांद्यावर आली. ती ओरडली नाही. "मावशी, माझा हात उचलत नाहीये," एवढंच म्हणाली, एखादी साधी तक्रार करावी तसं.

तुटलेली तार वाऱ्यावर हलत होती. ती भाचीच्या तोंडाला लागू नये म्हणून मी धरली. तेव्हा तिचं टोक मी पाहिलं आणि होडीच्या कडेला राहिलेलं बुडही पाहिलं. माझी पिन जागेवर होती. रिंग जागेवर होती. माझी काळी टेप तशीच होती. तिच्यावर पांढऱ्या टेपच्या चिंध्या आणि त्यातून वर आलेली तारेच्या पिळातल्या बारीक धाग्यांची तुटकी टोकं. त्यातली बहुतेक तपकिरी होती, जुनी गंजून तुटलेली. दोनतीनच चकचकीत होती, त्या क्षणी तुटलेली. म्हणजे कित्येक दिवस ती अख्खी काठी त्या दोनतीन धाग्यांवर उभी होती. ताणून तोडलेली तार असती तर सगळी टोकं चकचकीत असती. हे समजायला कॉलेज लागत नाही.

ते बुड मी तेव्हाच पिन काढून खिशात टाकायला हवं होतं, असं मला नंतर अनेकांनी सांगितलं. मी तार सोडली आणि पोरीला धरलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

क्लबची मोटरबोट आली, आम्हाला काठावर आणलं, तिथून दवाखाना. हाड मोडलं होतं, डोक्याला लागलं नव्हतं. काठी थोडी इकडे आली असती तर, असं डॉक्टर म्हणाले. ताई आली. तिने आधी मुलीला पाहिलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली.

"तू बांधली होतीस ना?"

मी म्हटलं, हो, पण ताई, तार आधीच... तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "फ्रीझरच्या सौद्यात मिळालेल्या जागा," ती म्हणाली. "तुला काही सोडवत नाही. त्यात माझी मुलगी घातलीस."

आवाज चढवायची सवय मला आहे, तिला नाही. ती हे हळू आवाजात म्हणाली. तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नाही. भाची फोनवर बोलते, पण तिच्या घरी मी गेले की ताई आतल्या खोलीत जाते.

दुसऱ्या दिवशी मी क्लबवर गेले. होडी गाड्यावर उभी होती आणि डाव्या बाजूला नवी कोरी तार लागली होती. सचिव ऑफिसात होते. त्यांनी भाचीची चौकशी केली, पाणी मागवलं. मी विचारलं, जुनी तार कुठे आहे?

"टाकून दिली. सुरक्षेचा प्रश्न आहे, तुटकी तार कशाला ठेवायची?"

"कुठे टाकली? पुण्यातले निम्मे भंगारवाले मला नावाने ओळखतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सांगितलं की कार्यकारिणीचं मत झालं आहे, तार बांधताना प्रमाणाबाहेर ताणली गेली, नवशिक्यांकडून असं होतं, कोणी तुम्हाला दोष देत नाही. त्या खोलीत दोष देण्याचं काम दुसरं कोणी करतही नव्हतं.

मी म्हटलं, ते राहू द्या, ही नवी तार कधी मागवलीत?

ते म्हणाले, लगेच बदलून टाकली. मी म्हटलं, बदलली कधी ते नाही विचारत, मागवली कधी? त्यांनी समोरची वही मिटली. सुट्या भागांची वाट बघण्यात मी केस पिकवलेत. या तारा मापाने बनतात. त्यांची टोकं यंत्रात दाबून बसवावी लागतात. क्लबला त्या मुंबईहून येतात आणि ऑर्डर दिल्यावर वाट बघावी लागते, हे मला त्यांनीच कोर्समध्ये शिकवलं होतं, म्हणून जपून वापरा असंही सांगितलं होतं. रविवारी दुपारी तुटलेल्या तारेच्या जागी सोमवारी सकाळी त्याच मापाची नवी तार येत नाही. ती ऑर्डर आधीच गेलेली होती. एकाच होडीच्या एकाच बाजूची तार. म्हणजे ती खराब झाली आहे हे त्यांना ठाऊक होतं. नवी यायला उशीर होता, शर्यत जवळ आली होती, पाहुण्यांसमोर एक होडी कमी दिसली असती. म्हणून टेप.

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि आवाज चढवून सांगितलं. ऑफिसबाहेर बसणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. सचिवांनी त्याला हाताने जायला सांगितलं, दार लोटलं, आणि मग जे बोलले ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे.

"तुम्ही व्यवहारी बाई आहात. दवाखान्याचं क्लब बघेल. तुमचं सभासदत्व राहील. फक्त इथून पुढे बांधणी आमच्या देखरेखीखाली करा, म्हणजे विषय मिटला."

आयुष्यभर मी ज्या क्षणाची वाट बघते तो हा होता. समोरचा पहिल्यांदा आकडा बोलतो तो क्षण. इथून पुढे मला सगळं येतं. अजून काय काय मागता आलं असतं ते मला बसल्या जागी दिसत होतं. पण देखरेख मान्य करणं म्हणजे माझ्या हाताने चूक झाली हे मान्य करणं. तेच वाक्य उद्या ताईच्या कानावर गेलं असतं. बघ, तिनेही मान्य केलं.

मी म्हटलं, "साहेब, दवाखान्याचं मी बघितलंय. याला भाव नाही. तुम्हाला तार खराब आहे हे माहीत होतं, एवढं बाहेर येऊन सांगा."

"पुरावा आहे?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. सभासदत्व माझं होतं, कोणी अडवू शकत नव्हतं. तीच होडी घेतली, घोडी लावली, काठी आडवी ठेवली आणि पहिल्या तारेवरची पांढरी टेप नखाने सोलून काढली. मग दुसऱ्या. मग नव्या तारेवरची. आजूबाजूला बांधणी करणारे थांबले. सचिव आले आणि म्हणाले, आज ही होडी पाण्यात जाणार नाही. मी म्हटलं, मला जायचंच नाही, मला बघायचंय, आणि आता तुम्ही नियमाप्रमाणे सगळं पुन्हा तपासायचंय, माझ्यासमोर, उघड्या तारेवर. ते म्हणाले, आज सवड नाही. मी म्हटलं, मी थांबते.

संध्याकाळपर्यंत थांबले. ते आले नाहीत. खरं सांगायचं तर त्या तारा चांगल्या होत्या, तिन्ही. नंतरच्या रविवारी मी दुसरी होडी उघडली, तिच्याही चांगल्या निघाल्या. खोटं बोलून मला जिंकायचं नाही, म्हणून हेही लिहिते. सचिवांनी ते लगेच सगळ्यांना ऐकवलं. बघा, मॅडमना काही सापडत नाहीये. माझं म्हणणं उलट आहे. सगळ्या तारा तुम्ही इतक्या काळजीने बघत होतात, म्हणजे तुमची नजर चांगली आहे. मग त्या एका तारेवर ती चुकली असं मी कसं मानू? तुम्ही पाहिलंत, बरोबर पाहिलंत, आणि झाकलंत.

एक वयस्क सभासद मला म्हणाले, अहो, कशाला वैर घेता, क्लब लहान आहे, पुन्हा पाण्यात उतरायचंय ना? उतरायचं आहे. भाचीचा हात बरा झाला आहे, तिलाही उतरायचं आहे, ती मला फोनवर विचारते कधी जायचं. मी तिला सांगते, तुझ्या आईला विचार. आणि तिच्या आईने मला एकदा जे सांगितलं होतं, तू बांधणार असशील तर जाऊ दे, ते ती आता म्हणत नाही. तेवढं माझं गेलं आहे. दुकान आहे तसं चालू आहे. माझा भाव बाजारात कमी झालेला नाही. पण त्या एका घरात माझ्या हाताला किंमत उरली नाही, आणि ती माझ्या हाताने घालवलेली नाही.

मला सगळे विचारतात, तुला नक्की हवंय काय? पैसे नकोत. सचिवपद नको. कार्यकारिणीचं मत बदललेलं नको, ते त्यांनी ठेवावं. पुरावा भंगारात गेला, हेही मला ठाऊक आहे, आणि तो कोणी टाकला हेही.

तेव्हा साहेब, आता तुम्हालाच विचारते. शनिवार पेठेतून माझ्या बहिणीचं घर रिक्षाने लांब नाही. तिच्या समोर उभे राहा. तिच्या मुलीचा खांदा बघा. आणि तिला सांगा की टेप गुंडाळली तेव्हा खालची तार तुम्ही पाहिली होतीत का. पाहिली असेल तर ती होडी त्या पोरीला का दिलीत, ते सांगा. आणि पाहिली नसेल, तर पन्नास माणसांदेखत "मी स्वतः पाहिलंय" असं कोणाच्या जिवावर म्हणालात, त्याचं उत्तर द्या. मला नाही दिलंत तरी चालेल. तिला द्या.